साहेब, ‘बोला’ लिहू नका

प्रति,
राज्यसेवेतून निवड होऊन, प्रशिक्षण संपवून तालुक्याच्या कचेरीत पहिल्यांदाच स्वतंत्र खुर्चीवर बसणारे सर्व साहेब व मॅडम

विषय : नस्तीवरील (म्हणजे फाइलवरील) शेरे, टपाल, आढावा बैठका, रजा व हसणे याबाबत
संदर्भ : निरंक

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण रुजू झालात, शाल-श्रीफळ झालं, गुच्छांवरचा प्लास्टिकचा कागद शिपायाने काढून ठेवला. इथून पुढे जरा घरच्या भाषेत लिहितो. कार्यालयीन मराठीत लिहायला बसलो तर मुद्द्यावर येईपर्यंत आपली बदली होईल.

आपल्या खुर्चीमागे भिंतीवर एक फलक आहे. आधीच्या साहेबांची नावं, कधीपासून, कधीपर्यंत. बदल्यांच्या कायद्यात नेहमीचा कार्यकाल ३ वर्षांचा धरलेला आहे. फलकावर मात्र ११ महिने, ७ महिने अशाही ओळी सापडतात. येणारा प्रत्येक नवा अधिकारी तो फलक वाचतो. टेबलांवरची मंडळी तो फलक वाचत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात तीच यादी दुसऱ्या नावांनी असते. एक ‘चर्चा साहेब’, एक ‘तपासा मॅडम’, एक ‘नियमानुसार’. आडनावं विसरतात, शेरे राहतात. म्हणून या पत्रात बरंच काही असलं तरी मुख्य विनंती एकच आहे, ती शेऱ्याबद्दलची.

एका शिपायाच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची नस्ती घ्या. कारकुनाने टिपणी लिहिली आहे : अर्ज कधी आला, आजार कोणता, देयकं किती रुपयांची, जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी कोणत्या पानावर आहे, आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. पत्रव्यवहाराला पानांचे नंबर आहेत, महत्त्वाच्या पानांना खुणेच्या चिठ्ठ्या म्हणजे पताका ‘अ’, ‘ब’ लावल्या आहेत. नस्ती आपल्यासमोर येते. आपल्याला कुठेतरी शंका वाटते. आपण समासात लिहिता : ‘बोला’, म्हणजे समक्ष येऊन चर्चा करा.

आता पुढे काय होतं ते बघा. नस्ती संध्याकाळी टेबलावर परत येते. दुसऱ्या दिवशी कारकून ती काखोटीला मारून आपल्या दाराशी येतो, तर आपण व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ बैठकीत. दुपारी येतो, तर आत शिष्टमंडळ. तिसऱ्या दिवशी आपला दौरा. चौथ्या दिवशी भेट होते, आपण पानं उलटता आणि विचारता, “कशाबद्दल होतं हे?” शंका काय होती ते आपल्यालाही आठवत नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. मग आपण म्हणता, “ठीक आहे, पाठवा.” कारकून ‘बोला’च्या खाली ‘चर्चेनुसार फेरसादर’ असं लिहून नस्ती पुन्हा वर पाठवतो. एका शब्दाने आठवडा गेला. शिपायाने सावकाराकडून आणलेल्या पैशावर त्या आठवड्याचंही व्याज चढलं. आणि चर्चेत काय ठरलं हे जगात कुठल्याही कागदावर नाही.

त्याऐवजी एवढंच लिहायचं होतं : ‘पृष्ठ १४ वरील औषधांच्या देयकावर रुग्णाचे नाव नाही. खात्री करून गुरुवारपर्यंत सादर करावे.’ खाली सही आणि पूर्ण तारीख. लिहायला अर्धा मिनिट लागतो. कारकुनाला आपल्या दाराशी उभं राहावं लागत नाही, आणि आपली शंका आठवडाभर डोक्यात सांभाळायची जबाबदारी आपल्यावरही राहत नाही.

‘बोला’चा एक चुलत भाऊ आहे, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. दिसायला हा फार सज्जन. पण नस्ती वर आली त्याचं कारणच हे असतं की नियमात दोन वाटा आहेत आणि कोणती धरायची हे ठरवायचा अधिकार आपला आहे, कारकुनाचा नाही. टिपणीच्या चौथ्या परिच्छेदात ‘पर्याय अ’ आणि ‘पर्याय ब’ लिहून दिलेले असताना आपण ‘नियमानुसार’ लिहिलंत, की निर्णय न घेता सही झाली. उद्या बरं झालं तर साहेबांच्या मार्गदर्शनाखाली झालं, वाईट झालं तर “मी तर नियमानुसार करा म्हणालो होतो.” खालचे लोक हे पहिल्याच महिन्यात ओळखतात. मग तेही टिपणीत पर्याय लिहायचं सोडून देतात आणि ‘आदेशार्थ सादर’ एवढंच लिहून मोकळे होतात. साहेबाने जबाबदारी झटकली की ती टेबलाटेबलावरून घरंगळत शेवटी शिपायाच्या स्टुलापाशी येऊन थांबते.

‘तपासा’ हा शेरा वाईट नाही, काय तपासायचं ते पुढे लिहिलं तर. क्षेत्र तपासा, वारस नोंद तपासा, रकमेची बेरीज तपासा. नुसत्या ‘तपासा’ला आम्ही चहा पिऊन ‘तपासले’ असं उत्तर देतो. ते खरंच असतं. काय तपासलं हे कोणी विचारलेलं नसतं.

टिपणी पटली नाही तर तिच्याखाली आपलं मत लिहा. ‘परिच्छेद ३ शी असहमत, कारण अमुक, पर्याय ब प्रमाणे आदेश काढावा.’ हा आपला हक्क आहे आणि असं लिहिणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल खालच्या माणसाला राग येत नाही, उलट धीर येतो. पण “टिपणी बदलून आणा” असं तोंडी सांगू नका. कचेरीत वरून खाली येणाऱ्या सगळ्या वाक्यांत हे सर्वात महाग वाक्य आहे. ८ वर्षांनी चौकशी लागते तेव्हा पानावर अक्षर कारकुनाचं, मत कारकुनाचं, आणि ज्याचं खरं मत होतं तो फलकावरच्या चौथ्या ओळीत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतल्या नियम ३ प्रमाणे वरिष्ठांच्या सांगण्यावरून काही करायचं तर ते सांगणं शक्यतो लेखी घ्यायचं असतं, आणि तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर २०१३ साली तोंडी आदेशांची नोंद ठेवण्याबद्दल बजावलं. तेव्हा एखाद्या कारकुनाने “साहेब, एवढं नस्तीवर घ्याल का?” असं विचारलं, तर तो उद्धट नाही. नियम वाचलेला आहे.

ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरच्या नस्त्या, आल्यावर हा प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. तिथे पिवळी टीप कच्ची असते, ती टाकून देता येते. हिरवी झाली की कायमची. पण माणूस हुशार असतो. आता ‘बोला’ हिरव्यात येतं आणि खरं बोलणं फोनवर होतं.

माहिती अधिकाराचाही विचार करा. अर्जदार टिपणीची प्रत मागतो आणि ३० दिवसांत ती द्यावी लागते. तालुक्याला जनमाहिती अधिकारी बहुधा नायब तहसीलदार किंवा तशाच पायरीवरचा माणूस, आणि प्रथम अपिलीय अधिकारी आपण. माहिती वेळेत दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो, आणि तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. अपिलीय अधिकाऱ्याला तो दंड नाही. नस्ती आपल्या टेबलावर ‘बघतो’ म्हणून पडलेली असेल तर दिवस मोजणारा माणूस दुसरा आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

ज्याला सगळे बदल्यांचा कायदा म्हणतात, त्या २००५ च्या अधिनियमाचं अर्धं नाव विलंबाला प्रतिबंध करण्याचं आहे. त्यातलं कलम १० काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा : कोणाकडेही नस्ती साधारणपणे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची असेल तर ४ दिवसांत, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर ३ महिन्यांत. हे कलम आढावा बैठकीत कारकुनांना वाचून दाखवायची पद्धत आहे. ‘कोणाकडेही’ या शब्दात साहेबही येतात, हे मात्र वाचून दाखवत नाहीत.

आता टपाल. सकाळचं टपाल पहिल्या तासात बघून टाका आणि प्रत्येक कागदावर एकाच टेबलाचं नाव लिहा. तीन टेबलांना खूण केलेलं पत्र तिघंही एकमेकांकडे आहे असं समजतात, आणि महिन्याने स्मरणपत्र क्रमांक १ येतं तेव्हा मूळ पत्राची शोधाशोध सुरू होते. दोघांचं काम असेल तर एकाचं नाव वर, ‘यांनी त्यांच्याकडून माहिती घेऊन एकत्रित सादर करावी’.

वरून येणाऱ्या पत्रांवर ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘सर्वोच्च प्राधान्य’, ‘आजच’ असे शिक्के असतात. साधं पत्र आलं तर कारकून ते जपून ठेवतो, दुर्मिळ म्हणून. दुपारी साडेतीनला ईमेल येतो, ‘सदर माहिती आज ४ वाजेपर्यंत न चुकता सादर करावी’, आणि माहिती असते गेल्या १० वर्षांची, गावनिहाय. अशा वेळी दोन प्रकारचे साहेब दिसतात. पहिला ईमेल जसाच्या तसा गटावर टाकतो, खाली ‘अर्जंट’, आणि मोबाइल उलटा ठेवतो. गावातून ४ वाजता जे आकडे येतात ते आकडे नसतात, नवस असतात. दुसरा साहेब वरच्या कार्यालयात फोन लावून विचारतो, हे नक्की कशासाठी हवं आहे? बहुतेक वेळा कळतं की विधानसभेच्या एका प्रश्नाला गेल्या वर्षीचा एकच आकडा हवा होता, बाकीचे रकाने जुन्या तक्त्यातून तसेच आलेले. एका फोनमध्ये ४० माणसांची दुपार वाचली.

आणि ‘निरंक’. माहिती नसेल तर नाही असं कळवायचं, हे कळतं. पण ‘माहिती निरंक असल्यास तसे प्रमाणपत्रासह कळवावे’, मग ‘निरंक अहवाल अप्राप्त असलेली कार्यालये’ अशी यादी, मग निरंक न कळवल्याबद्दल खुलासा. शून्य वेळेत न पाठवल्याबद्दल ज्ञापन मिळालेली माणसं या राज्यात आहेत. हे आपल्या हातात फारसं नाही, पण निदान आपल्याकडून नवं निरंक सुरू होऊ देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाबद्दल थोडक्यात. ‘ओके सर’ म्हणजे काम झालं असं नाही, वाचलं असंही नाही. ‘ओके सर’ म्हणजे इतर १४ जणांनी लिहिलं आणि आपण मागे राहिलो तर दिसेल. गटावर आदेश द्यायचा असेल तर कोणी, काय, कधीपर्यंत हे एका ओळीत लिहा आणि ज्याचं काम त्यानेच उत्तर द्यावं असं सांगून टाका. रात्री ११ चा ‘सकाळी बोलू’ हा संदेश सकाळीच पाठवावा. तो वाचून आपण निवांत झोपता. ज्याला पाठवला तो झोपत नाही. सामायिक तक्ता पाठवताना प्रत्येकाची ओळ सोडून बाकी कुलूपबंद करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खालच्या गावाचे आकडे वरच्या गावात गेलेले असतात आणि दोन्ही गावं ‘ओके सर’ म्हणून मोकळी झालेली असतात.

आढावा बैठकीचं गणित जरा जवळून पाहू या, कारण इथे चांगली माणसं नाहक बोलणी खातात. समोर टक्केवारीची यादी. एका गावात ३ प्रकरणं प्रलंबित होती, १ निकाली निघालं, ३३ टक्के. दुसऱ्या गावात ३०० होती, २०० निकाली निघाली, ६७ टक्के. उभं कोणाला केलं जातं? पहिल्याला. त्याच्या दोन प्रकरणांत एक वारस मुंबईत आणि एक दुबईत, नोटीस बजावणीच झालेली नाही. दुसऱ्याकडे १०० प्रकरणं पडून आहेत आणि तो टाळ्या घेऊन खाली बसतो. टक्केवारीच्या शेजारी मूळ संख्येचा रकाना आणि ‘सर्वात जुनं प्रकरण किती दिवसांचं’ हा रकाना एवढे दोनच वाढवा. बैठकीचा सूर बदलतो. पुढच्या महिन्यात माणसं सोपी प्रकरणं उचलून टक्के वाढवायचं सोडतात आणि जुन्याला हात घालतात. इतिवृत्तही तीन रकान्यांचं पुरे : काय, कोणी, कधीपर्यंत. ‘सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी’ असं लिहिलेल्या ओळीची दक्षता आजवर कोणी घेतलेली नाही, कारण संबंधित म्हणजे कोण हे कोणाला माहीत नसतं.

दप्तराकडे साहेबांचं लक्ष सहसा तपासणी लागल्यावर जातं. अनिलकुमार लखिना १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी हात घातला तो कचेरीच्या मांडणीला आणि दप्तराच्या रचनेला, आणि आजही ‘लखिना पॅटर्न’ म्हटलं की जुना कारकून मान डोलावतो. आपल्याला एवढं मोठं काही करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एका टेबलाचे सहा गठ्ठे बघा : चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नाश करायची. कोणता गठ्ठा जाड आहे त्यावरून टेबलाचा आजार कळतो. प्रतीक्षाधीन जाड असेल तर माणूस पत्र पाठवून वाट बघत बसणारा आहे. अभिलेख कक्षाचा जाड असेल तर माणूस कामाचा आहे, पण कागद किती काळ जपायचा ते ठरवणारे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ हे वर्ग लावायला त्याला वेळ मिळालेला नाही. त्याला दोन दिवस टपालातून मोकळं करा. आणि चालूचा गठ्ठा अगदी पातळ असेल तर टेबलाचा खालचा खण उघडायला सांगा.

रजेचं प्रकरण छोटं आहे, पण मनं इथेच मोडतात. किरकोळ रजा वर्षाला ८. अर्ज समोर आला की हो किंवा नाही, तिथल्या तिथे. “ठेवून जा” म्हणून खणात टाकलेला अर्ज ही लगाम हातात ठेवायची जुनी युक्ती आहे. त्या अर्जातला माणूस तिकीट काढावं की नाही या विचारात तीन दिवस कामावर असून नसल्यासारखा असतो.

कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल साहेब दरवर्षी लिहितात त्या गोपनीय अहवालाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. सर्व नोंदी कर्मचाऱ्याला कळवल्या पाहिजेत, चांगल्या शेऱ्याच्या सुद्धा, हे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात २००८ साली सांगून ठेवलं आहे. तरी १५ जणांना एकच ‘समाधानकारक, कर्तव्यदक्ष’ असं उतरवून देण्याची चाल आहे. एकाबद्दल तरी खरं लिहा : ‘जुन्या फेरफारांचा शोध उत्तम, संगणकावर हळू.’ तो माणूस ते वाक्य पाठ करतो.

आता हसण्याबद्दल. कचेरीत विनोद दोन दिशांनी वाहतो. साहेबांनी केलेल्या विनोदावर होणारं हसणं हे मार्चच्या जवळ जसजसं जावं तसं लांबतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोच विनोद करून बघा, फरक कळेल. दुसरा प्रकार आपल्या पाठीमागचा. दाराबाहेरचा शिपाई हे आमचं हवामान खातं. बॅग गाडीतून कशी दिली, पंखा किती जोरात लावायला सांगितला, चहा दुधाचा की कोरा, यावरून अंदाज जाहीर होतो : ‘सकाळी ढगाळ, दुपारनंतर विजांसह. सह्या घ्यायच्या तर चारनंतर.’ कोरा चहा म्हणजे मंत्रालयातून फोन आलेला आहे, तेव्हा रजेचे अर्ज उद्या. आपलं टोपणनाव काय पडलंय ते शोधायला जाऊ नका. ज्या साहेबाने ते शोधून सांगणारा माणूस ठेवला, त्याला पुढे फक्त तोच माणूस बातम्या देत राहिला, आणि त्या माणसाच्या टेबलावर काय चाललं होतं ते सर्वात शेवटी कळलं.

एका गोष्टीवर मात्र हसू नका. कारकुनाच्या ‘न’ आणि ‘ण’ वर, ‘व्हतं’ आणि ‘गेल्तो’ वर. तो घरची बोली बोलतो आणि त्याच हाताने आपल्या सहीसाठी निर्दोष आदेशाचा मसुदा लिहितो. भर बैठकीत त्याच्या उच्चारावर पिकलेला हशा त्याच्या मसुद्यात पुढे वर्षभर दिसतो : तो विचारायचं सोडतो, जेवढं सांगितलं तेवढंच लिहितो. बायकांच्या रजा, कोणाची जात, कोणाचं पोट याबद्दल वेगळं लिहायची गरज पडू नये.

साहेब कसा होता हे निरोप समारंभात कळत नाही. तिथे सगळेच ‘कडक पण प्रेमळ’ असतात. ते कळतं ४-५ वर्षांनी, नव्या नस्तीत. कारकून अडतो, अभिलेख कक्षात जातो, जुना आदेश काढतो आणि टिपणीत लिहितो, ‘यापूर्वी अशाच प्रकरणात तत्कालीन अधिकाऱ्यांनी सकारण आदेश पारित केला आहे (पताका ‘क’)’. त्या पताकेखाली आपलं पान असावं आणि त्यावर कारणं वाचता यावीत. तिथे ‘बोला’ असेल तर बोलायला कोणीच नसतं.

सबब विनंती की, प्रस्तुत पत्र नस्तीवर आपल्यासमोर येईल तेव्हा त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारू नये. मान्य असल्यास ‘मान्य’, नसल्यास कोणता परिच्छेद अमान्य ते लिहून सही व तारीख करावी. अभिप्राय निरंक असल्यास तसे कळवण्याची आवश्यकता नाही.

आपले विश्वासू,
आस्थापना, आवक-जावक, लेखा, अभिलेख व इतर सर्व टेबले

प्रत : १) दाराबाहेरचे हवामान खाते, माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव
२) निवड नस्ती